व्हर्नननंतरची पत्त्यांची जादू

डाय व्हर्नन हे नाव जादूगारांच्या वर्तुळाबाहेर फारसं कुणी ऐकलेलं नसतं. हुडिनी सगळ्यांना माहीत असतो; आपल्याकडे पी. सी. सरकार आणि जादूगार रघुवीर ही नावं घरोघरी पोचलेली. पण जगात कुठेही पत्त्यांची जादू करणारे चार जण एकत्र बसले की बोलणं हटकून व्हर्ननवर येतं, आणि त्याचा उल्लेख होतो तो ‘प्रोफेसर’ असा. १८९४ मध्ये कॅनडातल्या ओटावात जन्मलेला आणि १९९२ मध्ये वयाच्या ९८व्या वर्षी कॅलिफोर्नियात वारलेला हा माणूस कुठल्या विद्यापीठात शिकवत नव्हता. आयुष्याचा बराच काळ त्याने काळ्या कागदातून माणसांचे चेहरे कात्रीने कापून देण्यावर पोट भरलं. पत्त्यांची जादू आज ज्या उंचीवर आहे आणि ज्या अडचणीत आहे, त्या दोन्हींची सुरुवात मला त्याच्यापाशी दिसते.

कुठलाही प्रयोग मला तीनदा दाखवा, त्यातली मेख मी ओळखतो, असं हुडिनी सांगत असे. १९२२ मध्ये शिकागोत व्हर्ननने एका पत्त्यावर त्याच्याकडून आद्याक्षरं लिहून घेतली, तो पत्ता कॅटमध्ये वरून दुसरा सरकवला आणि सगळ्यात वरचा पत्ता उलटून दाखवला. तोच निघाला. हुडिनीने पुन्हा करायला लावलं, पुन्हा तोच. तीन वेळा कधीच होऊन गेल्या, तरी उलगडा झाला नाही. एके काळी स्वतःला ‘पत्त्यांचा राजा’ म्हणवणारा माणूस गप्प झाला, आणि व्हर्ननला जन्मभर पुरेल अशी जाहिरात मिळाली. या प्रसंगाची पारायणं करणारे एक गोष्ट मात्र विसरतात. त्या प्रयोगामागची युक्ती व्हर्ननने शोधलेली नव्हती. हुडिनी चकला, कारण युक्ती करणारा हात आणि काहीच न करणारा हात यांत त्याला तसूभरही फरक दिसला नाही.

हे व्हर्ननने जुगाऱ्यांकडून घेतलं होतं. १९०२ मध्ये शिकागोत ‘दि एक्स्पर्ट ॲट द कार्ड टेबल’ नावाचं पुस्तक निघालं. लेखक म्हणून नाव होतं एस. डब्ल्यू. अर्डनेस. हे टोपणनाव, आणि त्यामागचा माणूस कोण यावर आजही एकमत नाही. व्हर्ननने ते लहानपणीच पाठ केलं. त्या काळचे बरेच जादूगार पत्त्यांचे पंखे उघडून, कारंजी उडवून आपलं कौशल्य मिरवत. डावात लबाडी करणाऱ्याला मिरवणं परवडत नाही; त्याचं कौशल्य कुणाला दिसलं तर त्याची हाडं मोडतात. ही शिस्त व्हर्ननला हवी होती आणि तिच्यासाठी तो वाटेल तिथे जायला तयार असे. कॅटच्या तळातला पत्ता बेमालूम वाटणारे पुष्कळ होते. पण समोरच्याने कॅट काटला की तळाशी राखलेले पत्ते मध्ये जातात आणि सगळी तयारी फुकट जाते. थेट मधूनच पत्ता वाटणारा कुणीतरी आहे, अशी खबर त्याला कॅन्ससमधल्या विचिटाच्या तुरुंगात एका कैद्याकडून लागली. साल होतं १९३२, मंदीने अमेरिका पिचलेली. व्हर्नन शोधत निघाला आणि मिसुरीतल्या प्लेझंट हिल या लहानशा गावात ॲलन केनेडी नावाच्या जुगाऱ्यापर्यंत पोचला. त्याचा हात पाहिला, शिकून घेतला. व्यवहाराच्या हिशेबात या खटाटोपाला काही अर्थ नव्हता, कारण बहुतेक जादूगारांना त्या युक्तीची कधी गरजच पडत नाही. तरी व्हर्ननविषयीच्या आदराचं मूळ मला इथे सापडतं.

१९६३ मध्ये हॉलिवूडमधल्या एका जुन्या वाड्यात ‘मॅजिक कॅसल’ सुरू झालं आणि व्हर्ननला अखेरचा मुक्काम मिळाला. तिथे तो बसला की भोवती तरुणांचं कोंडाळं जमे. लॅरी जेनिंग्स, ब्रूस सर्व्हन, रिकी जे, जॉन कार्नी अशी ही परंपरा मोठी आहे. पर्सी डायकोनिस तर त्याआधीच, १४व्या वर्षी, न्यू यॉर्कमधलं घर सोडून त्याच्याबरोबर भटकायला निघाला होता. पुढे तो स्टॅनफर्डमध्ये गणित आणि संख्याशास्त्राचा प्राध्यापक झाला. ५२ पत्ते दोन भाग करून एकमेकांत सोडत पिसले, तर ते नीट मिसळायला साधारण ७ वेळा पिसावे लागतात, हे त्याने डेव्ह बेयरबरोबर गणिताने सिद्ध केलं. व्हर्ननने स्वतः फार लिहिलं नाही. त्याचं ज्ञान लुईस गॅन्सनसारख्यांनी पुस्तकांत उतरवलं आणि शिष्यांनी वह्यांत.

मैफलीत पुढे बसलेल्या गवयाची दाद वेगळी असते. एखादी जागा किती अवघड आहे हे त्यालाच कळतं. व्हर्ननला मिळालेली दाद या जातीची होती आणि तिची थोरवी मला पूर्ण मान्य आहे. पण जादूत तिचा एक धोका आहे. संगीतात जाणकाराला ऐकू येतं तेच बाकीच्यांनाही येतं, कमीअधिक कळतं एवढंच. जादूत जाणकार पाहतो ती पद्धत, आणि तिकीट काढून आलेला माणूस पाहतो तो चमत्कार. जाणकारांची दाद हेच ध्येय झालं की प्रयोग जाणकारांना चकवण्यासाठी रचले जाऊ लागतात. गेल्या ७०-८० वर्षांत हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. शिकागोचा एड मार्लो कारखान्यात नोकरी करून उरलेल्या वेळात पत्त्यांवर अफाट लिहीत राहिला. एकाच युक्तीची कितीतरी रूपं त्याने नोंदवली, आणि त्याच्या व व्हर्ननच्या अनुयायांमध्ये कुठली चाल कुणाची यावर वाद रंगले. मार्लोची बुद्धी अस्सल होती. पण या साहित्याचा मोठा भाग जादूगारांनी जादूगारांसाठी लिहिलेला आहे, आणि त्याच्या ढिगाखाली प्रेक्षक हरवला.

व्हर्ननचे स्वतःचे उत्तम प्रयोग तसे नाहीत. १९४०च्या दशकात प्रसिद्ध झालेला ‘ट्रायम्फ’ घ्या. प्रेक्षक एक पत्ता निवडतो, तो कॅटमध्ये जातो. मग निम्मे पत्ते उताणे, निम्मे पालथे करून सगळे एकमेकांत पिसतात. पुढच्या क्षणी पसरून पाहावं तर सगळे पत्ते एका दिशेने, उलटा फक्त निवडलेला. पाहणारा घरी जाऊन हे एका दमात सांगू शकतो. व्हर्नन जन्मभर प्रयोगातून अनावश्यक हालचाल काढून टाकत राहिला. शिष्यांपैकी अनेकांनी उरलेल्या हालचाली जशाच्या तशा जपल्या आणि काढून टाकण्याचं काम थांबवलं.

हे वर्तुळ दीर्घकाळ पुरुषांचं राहिलं, हेही सांगितलं पाहिजे. लंडनच्या ‘मॅजिक सर्कल’ने स्त्रियांना सभासदत्व दिलं ते १९९१ मध्ये. इतकी वर्षं निम्म्या जगाला दाराबाहेर ठेवून ‘सर्वश्रेष्ठ कोण’ हे ठरवलं जात होतं.

माद्रिदमध्ये व्हर्ननविषयीच्या आदराने वेगळं वळण घेतलं. आर्तुरो दे आस्कानियो हा पेशाने वकील. त्याने आणि हुआन तामारिसने प्रेक्षकाच्या मनात काय चालतं याचा कसून विचार केला. प्रेक्षक मनाशी एखादं उत्तर बांधतो, जादूगार ते खोटं पाडतो. तो दुसरं बांधतो, तेही पाडतो. शेवटी सगळ्या वाटा बंद होतात आणि चमत्कार मानण्यावाचून गत्यंतर उरत नाही. तामारिस रंगमंचावर आरडाओरडा करतो, हातात नसलेलं व्हायोलिन वाजवतो. बाहेरून तो व्हर्ननच्या अगदी उलट दिसतो, पण त्या गोंधळात त्याचे हात कुणाच्याच लक्षात राहत नाहीत. आज दानी दाओर्तिस पत्ते टेबलावर विस्कटतो, प्रेक्षकांच्या हाती सोपवतो, आणि हा माणूस काही लपवत असेल अशी शंकाही येत नाही. ही परंपरा जिवंत आहे, कारण तिथे शिष्य गुरूसारखे दिसत नाहीत.

दुसऱ्या टोकाला आजचा पडदा आहे. २०१८ मध्ये ‘अमेरिकाज गॉट टॅलेंट’ जिंकणारा शिन लिम संगीताच्या साथीने, एक शब्द न बोलता पत्ते विरघळवतो, धुरातून परत आणतो. त्याची बोटं थक्क करणारी आहेत, आणि लाखो लोकांना त्याने पत्त्यांकडे वळवलं याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. तरी डोळे सारखे त्या बोटांवरच खिळतात. त्याचं अनुकरण करणारी मुलं मोबाइलसमोर एकच चाल जमेपर्यंत चित्रित करतात आणि जमलेली तेवढी दाखवतात. समोरचा माणूस कॅट हातात घेऊन उलटसुलट तपासतो, मधेच प्रश्न विचारतो, भलतीकडे पाहतो. या कसोटीला ती चाल कधी लागतच नाही. पत्ते हवेत फिरवण्याची निव्वळ कसरत ही वेगळी आणि प्रामाणिक कला आहे, तिच्याशी माझं भांडण नाही. ती आणि जादू एकच, असा समज पसरतो आहे त्याला माझा विरोध आहे.

व्हर्ननचा खरा वारस कोण, असं कुणी विचारलं तर त्याच्या हालचाली हुबेहूब करणाऱ्या कुणाचंही नाव मी घेणार नाही. मी रेने लावांदचं नाव घेईन. १९२८ मध्ये अर्जेंटिनात जन्मलेल्या या माणसाचा उजवा हात ९व्या वर्षी मोटारीखाली सापडून गेला. पत्त्यांची पुस्तकं दोन हातांसाठी लिहिलेली. त्यामुळे त्याला सगळं एका डाव्या हाताने नव्याने शोधावं लागलं. तांदिल गावात बँकेत नोकरी करत तो हे करत राहिला, आणि पुढे जगभर गेला. तीन लाल आणि तीन काळे पत्ते तो एकाआड एक मांडायचा, आणि लाल लालांपाशी, काळे काळ्यांपाशी जायचे. मग तेच आणखी सावकाश, मग त्याहूनही सावकाश, मधेमधे शांतपणे बोलत. याहून हळू करता येणार नाही, असं तो प्रत्येक वेळी सांगायचा आणि पुढच्या वेळी आणखी हळू करायचा. वेगात काही दडवलं असेल ही शंका तो अशी मुळापासून उपटून टाकत असे. व्हर्ननची चाल जशीच्या तशी घेणं त्याला शक्यच नव्हतं. तरीही व्हर्ननला जे हवं होतं ते त्याच्याइतकं शुद्ध मला कुणाकडे दिसलेलं नाही.

लावांद २०१५ मध्ये गेला. त्या प्रयोगाचं चित्रीकरण आज सहज मिळतं. स्पॅनिश कळत नसली तरी ते जरूर पाहा, आणि ज्याला जादूतलं काहीही माहीत नाही अशा कुणाला तरी शेजारी बसवून पाहा.