अंतर्गत वित्तीय नियंत्रणांची दुरुस्ती : सत्यमनंतरच्या कायद्याची एक मर्यादा

७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेसच्या अध्यक्षांनी ताळेबंदातील ५,३६१ कोटी रुपयांच्या रोख व बँक शिलकेपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नसल्याचे पत्राद्वारे मान्य केले. या प्रकरणाची चर्चा बहुधा नीतिमत्तेच्या अंगाने होते. नियंत्रणाच्या दृष्टीने मात्र मूळ उणीव अगदी साधी होती. शिलकेचे पुष्टीपत्र लेखापरीक्षकाने थेट बँकेकडून मिळवावयाचे असते. येथे ती प्रक्रिया कंपनीच्याच हाती राहिली. ज्याची तपासणी करावयाची त्यानेच पुरावा आणून द्यावा, असा हा प्रकार! न्यूयॉर्क शेअर बाजारातील नोंदणीमुळे लागू झालेला अमेरिकेचा २००२ चा सार्बेन्स-ऑक्स्ली कायदाही तो रोखू शकला नाही.

कंपनी अधिनियम २०१३ च्या कलम १४३ (३) ने अंतर्गत वित्तीय नियंत्रणांची पर्याप्तता व परिणामकारकता यांवर मत देण्याचे दायित्व लेखापरीक्षकावर टाकले. ही तरतूद स्वागतार्हच आहे. परंतु हे मत ताळेबंदाच्या दिनांकापुरते असते. दुरुस्त केलेले नियंत्रण पुरेसा काळ चालल्याचे तपासले जाते हे खरे; तथापि त्यापूर्वी ते किती महिने निकामी होते, हे भागधारकास त्या मतावरून समजत नाही. उणीव केव्हा आढळली व कशी दूर झाली, याची नोंद अहवालात सक्तीची असावयास हवी.

जून २०१७ च्या अधिसूचनेने ५० कोटींहून कमी उलाढाल व २५ कोटींहून कमी कर्ज असलेल्या खाजगी कंपन्यांना या मतातूनच सूट दिली. अशा ठिकाणी पावती फाडणारा, नोंद करणारा आणि बँक जुळवणी पत्रक तयार करणारा लेखनिक पुष्कळदा एकच असतो.