'अनलिमिटेड' आणि 'सरासरी' : मोबाइल कंपन्यांचे दोन शब्द

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय वाचून काही जण 'चला, मोबाइल कंपन्यांना शिव्या घालायची सोय झाली' म्हणून आले असतील. (हशा) तेही करू थोडं. पण शिव्या आपण रोजच घालतो. जिन्यात उभं राहून, गच्चीवर जाऊन, गावाकडे असलो तर देवळामागच्या टेकाडावर चढून. 'हॅलो, आवाज तुटतोय तुझा, मी परत लावते.' एवढं सगळं होऊनही कंपनीचं काही वाकडं होत नाही. का होत नाही, ते आज बघायचंय.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. नेटवर्क खराब असणं ही तांत्रिक अडचण आहे, ती जगात सगळीकडे असते. पण नेटवर्क खराब आहे हे ग्राहकाला दाखवूनच देता येऊ नये, अशी सोय काही शब्दांनी करून ठेवलेली असते. त्यातले दोन शब्द मी आज घेतलेत. पहिला 'अनलिमिटेड'. त्याची गोष्ट अमेरिकेतली आहे, कारण त्या शब्दावरून तिथे दहा वर्षं भांडण चाललं आणि त्याची कागदपत्रं उघड झाली. दुसरा 'सरासरी'. तो आपल्या घरचा आहे.

वीस डॉलर कशाचे?

टेदरिंग म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत आहे, फक्त आपण त्याला 'हॉटस्पॉट' म्हणतो. 'माझा डेटा संपलाय, जरा हॉटस्पॉट दे ना.' आपल्या फोनचं नेट दुसऱ्या फोनला किंवा लॅपटॉपला द्यायचं. आपल्याकडे त्याचे वेगळे पैसे सहसा कोणी मागितले नाहीत, त्यामुळे त्यावर भांडण काय असू शकतं, हे आपल्याला पटकन कळत नाही.

अमेरिकेत २००७ साली आयफोन आला आणि तो २०११ च्या सुरुवातीपर्यंत एटी अँड टी या एकाच कंपनीकडे मिळत होता. आयफोन घ्यायचा तर हीच कंपनी. २००८ च्या उन्हाळ्यात नेटशेअर नावाचं अ‍ॅप आलं. फोनचं नेट लॅपटॉपला देणारं. ते लगेच काढून टाकलं गेलं. २००९ साली अ‍ॅपलने फोनमध्येच टेदरिंगची सोय दिली. बऱ्याच देशांत ती सुरू झाली, पण एटी अँड टीच्या ग्राहकांना मात्र वर्षभर थांबावं लागलं. सोय फोनमध्ये होती, पण तिचं बटण दाखवायचं की नाही, हे कंपनी ठरवत होती.

जून २०१० मध्ये एकदाची ती सुरू झाली. कशी झाली बघा. महिना तीस डॉलरचा अनलिमिटेड प्लॅन नव्या ग्राहकांसाठी बंद. त्याऐवजी पंचवीस डॉलरमध्ये २ जीबी. आणि टेदरिंग हवं असेल तर वर आणखी वीस डॉलर. या वीस डॉलरमध्ये जादा डेटा किती? शून्य. तेच २ जीबी, जे तुम्ही आधीच विकत घेतलेत, ते लॅपटॉपवर वापरायचे म्हणून वीस डॉलर.

म्हणजे दुकानातून दोन किलो तांदूळ आणले. दुकानदार विचारतो, भात करणार की इडली? इडली करणार असाल तर वीस रुपये जास्त. (हशा) हसताय, पण हा रीतसर दर होता.

कंपनीची बाजू काय होती, तीही ऐकू या. एका टॉवरखाली जेवढे फोन असतात, त्या सगळ्यांमध्ये त्या टॉवरची क्षमता वाटली जाते. ती मर्यादित असते. हातात असलेल्या लहरींमुळे मर्यादित आणि टॉवरपासून पुढे जाणाऱ्या तारेमुळेही. लॅपटॉप फोनपेक्षा जास्त डेटा ओढतो. एकाने जास्त ओढलं तर शेजाऱ्याला कमी पडतं. गावच्या नळाला कोणी मोटर लावली की खालच्या आळीला पाणी येत नाही, तसंच. यात खोटं काही नाही. डिसेंबर २००९ मध्ये कंपनीच्या मोबाइल विभागाचे प्रमुख राल्फ डे ला वेगा यांनी सांगितलं होतं की, स्मार्टफोनवाल्यांपैकी ३ टक्के लोक ४० टक्के डेटा वापरतात. न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्कोत तर कंपनीचं नेटवर्क तेव्हा रडकुंडीलाच आलं होतं.

पण मग या म्हणण्याला चिकटून राहा ना! क्षमता कमी आहे म्हणता, तर २ जीबीची मर्यादा घातलीतच की. मर्यादेच्या आत ग्राहकाने ते फोनवर संपवले काय आणि लॅपटॉपवर संपवले काय, टॉवरला त्याचं काय? टॉवरच्या दृष्टीने १ जीबी म्हणजे १ जीबी. तेव्हा ते वीस डॉलर क्षमतेचे नव्हते. ग्राहकाला दुसरीकडे जाता येत नाही, याचे होते.

हे फक्त माझं मत नाही. व्हेरायझन ही दुसरी मोठी कंपनी. तिने २००८ च्या लिलावात ज्या लहरी घेतल्या, त्यातल्या एका पट्ट्याला अट होती की ग्राहकाला हवं ते उपकरण आणि हवं ते अ‍ॅप वापरू द्यायचं. तरीही टेदरिंगची अ‍ॅप ग्राहकांना मिळेनात. कंपनीचं टेदरिंग घ्या, महिना वीस डॉलर. तक्रार झाली, तिथल्या संपर्क आयोगाने चौकशी केली आणि जुलै २०१२ मध्ये कंपनीने साडेबारा लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. जो जीबी मोजून पैसे देतो, त्याच्याकडून हॉटस्पॉटचे वेगळे पैसे घेणार नाही, असं ठरलं. मात्र जुन्या अनलिमिटेडवाल्यांकडून ते घ्यायला मुभा राहिली.

अनलिमिटेड म्हणजे किती?

आता याच जुन्या अनलिमिटेडवाल्यांकडे वळू. एटी अँड टीने त्यांना प्लॅन ठेवू दिला होता, पण २०११ पासून महिन्यात ठरावीक वापर झाला की त्यांचा वेग पाडायला सुरुवात केली. काहींच्या बाबतीत ही मर्यादा २ जीबीइतकी कमी होती. तिथल्या व्यापार आयोगाने ऑक्टोबर २०१४ मध्ये दावा लावला. आयोगाच्या म्हणण्याप्रमाणे ३५ लाख ग्राहकांचा वेग मिळून अडीच कोटींहून अधिक वेळा पाडला गेला होता. कंपनी म्हणाली, या आयोगाला आमच्यावर अधिकारच नाही. त्यात आणखी काही वर्षं गेली. नोव्हेंबर २०१९ मध्ये तडजोड झाली : सहा कोटी डॉलर.

आकडा मोठा वाटतो ना? भागाकार करा. सहा कोटी भागिले पस्तीस लाख. माणशी साधारण सतरा डॉलर. म्हणजे पाच वर्षं भांडून ग्राहकाच्या वाट्याला जे आलं, ते टेदरिंगच्या एका महिन्याच्या दरापेक्षाही कमी.

या शब्दाची करामत इथे आहे. '२ जीबी' म्हटलं की मोजता येतं. १.८ मिळाले तर दुकानदाराला पकडता येतं. 'अनलिमिटेड' मोजायचं कशाने? डेटा बंद तर झालेला नाही, थेंब थेंब येतोच आहे. आपल्याकडेही रोजचा कोटा संपला की अनेक प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो आणि नाव मात्र 'अनलिमिटेड'च राहतं. आपल्याच सरकारने जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँडची किमान पातळी २ एमबीपीएस ठरवली. ६४ केबीपीएस म्हणजे तिच्या तिसाव्या हिश्श्याहूनही कमी. त्यावर मुलीचा प्रवेशअर्ज भरून बघा. फोटो अपलोड होईपर्यंत मुदत संपते.

शंभरात दोन

आता दुसरा शब्द, आणि तो जास्त घातक आहे. त्याला कोणी फसवणूक म्हणत नाही. तो गणितातला सभ्य शब्द आहे.

२०१५ साली आपल्याकडे कॉल ड्रॉपवरून फार ओरड झाली होती, आठवत असेल. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, ऑक्टोबर २०१५ मध्ये नियम काढला. कंपनीच्या बाजूने कॉल तुटला तर ग्राहकाला एक रुपया, दिवसाला जास्तीत जास्त तीन. १ जानेवारी २०१६ पासून लागू. कंपन्या कोर्टात गेल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने नियम उचलून धरला, पण ११ मे २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला.

बरेच जण तेव्हा कोर्टावर चिडले. मी म्हणेन, निकालातला युक्तिवाद वाचा. त्याचा एक महत्त्वाचा धागा असा : ट्रायच्याच २००९ च्या नियमात शंभरात दोन कॉल तुटले तर चालतील, असं म्हटलंय. मग जी कंपनी हे प्रमाण पाळते, तिला प्रत्येक तुटलेल्या कॉलमागे दंड कसा लावता? तर्क म्हणून याला उत्तर देणं अवघड आहे. माझी तक्रार त्याच्या एक पायरी आधीची आहे. ते 'शंभरात दोन' मोजायचे कसे? तर अख्ख्या सर्कलची सरासरी काढून.

आणि सर्कल म्हणजे केवढं, तर मुंबई महानगराचा भाग सोडला की उरलेला सगळा महाराष्ट्र, अधिक गोवा. गडचिरोलीपासून पणजीपर्यंत एक आकडा!

एक हिशेब करू. कागद नको, तोंडीच. समजा शंभर टॉवर आहेत, सगळ्यांवर सारखेच कॉल होतात. पंच्याण्णव टॉवरवर शंभरात एक कॉल तुटतो. उरलेल्या पाचांवर शंभरातले वीस तुटतात, म्हणजे दर पाचवा कॉल. सरासरी किती आली? १.९५. कंपनी पास! त्या पाच टॉवरखालच्या माणसाने ओरडून घसा कोरडा केला तरी कागदावर सेवा नियमाप्रमाणेच आहे. कालव्यात सोडलेलं पाणी सरासरीने पुरेसंच असतं हो, पण शेपटाकडच्या शेतकऱ्याला विचारा. आणि मोबाइलमध्ये हे शेपूट कुठे असतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. जिथे ग्राहक विरळ, डोंगर जास्त, वीज कमी, तिथे. तिथेच गर्भवतीला न्यायला गाडी बोलवायची असते आणि तो पाचवा कॉल तुटतो.

ट्रायलाही हे उमगलं. ऑक्टोबर २०१७ पासून नुसत्या सरासरीऐवजी नेटवर्कचे किती भाग, किती दिवस मर्यादेत होते, हे बघायला सुरुवात झाली. ऑगस्ट २०२४ च्या नियमांत आणखी पुढे गेले : कुठे कोणती सेवा मिळते याचे नकाशे कंपन्यांनी आपल्या वेबसाइटवर द्यायचे, आणि जिल्हा पातळीवर चोवीस तासांहून जास्त सेवा बंद राहिली तर भरपाई द्यायची. दिशा बरोबर आहे, याचं श्रेय दिलंच पाहिजे.

पण नकाशावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. अमेरिकेत डिसेंबर २०१९ मध्ये संपर्क आयोगाने स्वतःच्या लोकांकरवी कंपन्यांचे नकाशे तपासले. नकाशात सेवा आहे असं दाखवलेल्या भागांत प्रत्यक्ष गाडी फिरवून चाचण्या घेतल्या. ठरलेला किमान वेग जेमतेम ६२ टक्के चाचण्यांत मिळाला. रंग भरणारा हात कंपनीचा असला की असं होतं. आणि त्या काड्या, ज्या बघून आपण 'रेंज फुल आहे' म्हणतो? जुलै २०१० मध्ये अ‍ॅपलने स्वतःच कबूल केलं की आयफोनचं काड्यांचं सूत्रच चुकलेलं होतं, कित्येकदा दोन काड्या जास्त दिसत होत्या. शिवाय सूत्र बरोबर असलं तरी काड्या फक्त सिग्नलचा जोर सांगतात. टॉवरवर गर्दी किती आहे, ते त्या सांगत नाहीत. म्हणून जत्रेत काड्या पूर्ण असतात आणि फोन लागत नाही.

श्रोत्यांचा एक प्रश्न

प्रश्न : मॅडम, सगळं पटलं. पण आम्ही करायचं काय? दुसऱ्या कंपनीत गेलो तरी तेच.

उत्तर : बरोबर आहे. मोठ्या खासगी कंपन्या उरल्यात तीन, आणि गावात टॉवर एकाचाच असेल तर नंबर बदलून उपयोग नाही. तीन गोष्टी सांगते. एक, तक्रार तोंडी करू नका. तक्रार क्रमांक घ्या, तारीख, वेळ, ठिकाण लिहून ठेवा, आणि उत्तर पटलं नाही तर त्याच कंपनीच्या अपील यंत्रणेकडे जा. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, तिकडे वेळ घालवू नका. दोन, ग्राहक आयोगाचं दार उघडं आहे. फोनची तक्रार तिथे चालत नाही, असं वर्षानुवर्षं सांगितलं जायचं. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की चालते.

आणि तिसरी गोष्ट एकट्याने होणार नाही. ग्रामपंचायतीने, सोसायटीने, कॉलेजने आपापल्या ठिकाणचं मोजमाप स्वतः करावं. ट्रायचं वेग मोजणारं अ‍ॅप आहे, ते पंधरा दिवस, वेगवेगळ्या वेळी वापरा, वहीत मांडा. मग कंपनीला आणि नियामकाला लेखी विचारा : आमच्या टॉवरचा आकडा काय? सर्कलचा सांगू नका, आमचा सांगा. हा प्रश्न पुरेशा गावांनी विचारला, तर सरासरीमागे लपणं अवघड होईल.

वेळ संपली आहे, संयोजक खुणा करतायत. थांबते.