पाठीवरचा मजकूर

खुणेचे पत्ते निवडणं म्हणजे टाइपोग्राफीची समीक्षा करणं. फरक एवढाच, की हा मजकूर एकट्यालाच वाचता यायला हवा आणि तो वाचतोय हे कुणाला कळता कामा नये.

जादूगारांची लाडकी पाठ म्हणजे बायसिकलची १८८७ची ‘रायडर बॅक’. नक्षी दाट, म्हणून खूण लपते. दोन्ही टोकांनी सारखी, म्हणून खूण दोन्हीकडे करावी लागते.

खुणांच्या दोन जाती. पहिली कोडची: ही पाकळी भरली तर सत्ता, ती भरली तर अठ्ठा. ५२ पत्त्यांना सहा बिट पुरतात. इंजिनिअर म्हणून मला हीच आवडायला हवी, पण नाही आवडत. तोंडानं गप्पा चालू असताना डोक्यात डिकोडिंग चालत नाही. नजर पत्त्यावर क्षणभर अडकते आणि समोरचा नेमका तोच क्षण पकडतो. दुसरी जात ‘रीडर’: नक्षीतच अंक आणि अक्षर. इस्पिकचा गुलाम सरळ वाचायचा. माझं मत हिला.

विकणारे सांगतात, पत्ते फर्रकन सोडून बघा, खूण हलताना दिसली तर कॅट बाद. परीक्षा रास्त आहे, पण अपुरी. आमच्या शहापूर-मुरबाडकडे परीक्षक वेगळे आहेत. कसारा लोकलमध्ये मांडीवर बॅग ठेवून रोज पत्ते कुटणाऱ्यांना किंवा म्हशाच्या जत्रेत आलेल्यांना गुळगुळीत परदेशी कॅट दिला, की खूण शोधायच्या आधीच संशय येतो. ‘हे पत्ते कुठले रे?’ इथेच जादू संपली. म्हणून गावात खेळ करायचा तर नाक्यावरच्या दुकानातला साधा कॅट घ्या, पाठीच्या रंगाशी जुळणाऱ्या शाईनं स्वतः खुणा करा आणि जिथे खेळ करणार तिथल्याच उजेडात वाचून बघा. दिसायला गरीब, पण निर्दोष.

शेवटचा निकष पत्त्यांचा नाही, माणसाचा. हाच कॅट तीनपत्तीत काढला तर ती लबाडी. तोच एखाद्या बाबाच्या हाती गेला, की ‘मनातलं ओळखण्याची सिद्धी’ होते. चमत्काराच्या नावानं फसवण्याविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ पासून कायदा आहे, पण कायदा पोचायच्या आधी बाबा पोचतो. म्हणून खूण सांगू नका, पण ‘ही हातचलाखी आहे’ हे मात्र सांगाच. ते ऐकूनही लोक ‘परत दाखव’ म्हणाले, तर निवड बरोबर.