खिशातली संहिता आणि तिच्या आवृत्त्या

एखाद्या ग्रंथाची नवी आवृत्ती निघाली की जाणता वाचक आधी प्रस्तावना चाळतो. काय बदलले, कोणी बदलले, कशासाठी बदलले, हे त्याला हवे असते. मराठीला हे नवे नाही. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ ते १९६६ एवढा काळ महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीवर खर्च केला. पाठभेद म्हणजे केवळ हस्तदोष नसतो, त्यात त्या त्या काळाची समज उमटलेली असते, ही शिकवण आपल्याला या परंपरेने दिली.

आज मराठी माणूस दिवसातून सर्वाधिक वेळा जी संहिता वाचतो, तिला मात्र ही शिकवण आपण लावलेली नाही. ती संहिता म्हणजे फोनच्या कार्यप्रणालीतली मराठी. तिच्याही आवृत्त्या निघतात, आणि फोन स्वतः त्यांना ‘आवृत्ती’ असेच म्हणतो. फरक इतकाच, की नवी आवृत्ती रात्रीतून जुनीच्या जागी बसते. प्रस्तावना नसते, संपादकाचे नाव नसते आणि वाचकाच्या हातातली जुनी प्रत पुसली जाते.

या लेखापुरता मी अँड्रॉइडचा विचार केला आहे. एक कारण असे की वरोऱ्यात माझ्या पाहण्यातले बहुतेक फोन त्याच प्रणालीचे आहेत. दुसरे कारण अभ्यासकाच्या सोयीचे. अँड्रॉइडचा मूळ सांगाडा खुला असल्यामुळे त्यातल्या मराठी वाक्यांच्या जुन्या याद्या आजही उघडून पाहता येतात. त्याच्या जोडीला इथल्या दुरुस्तीच्या दुकानांत जुने फोन असतातच. ज्यांना कंपनीने नवी आवृत्ती देणे थांबवले, असे फोन आपली जुनी मराठी जपून असतात. एकाच आठवडी बाजारात दहा वर्षांतल्या चार-पाच आवृत्त्या एकाच वेळी वापरात दिसतात. हस्तलिखितांच्या अभ्यासकाला हे दृश्य ओळखीचे वाटेल. शाखाही आहेत. सॅमसंग, शाओमी यांसारखे उत्पादक मूळ संहितेवर आपला थर चढवतात आणि त्यात आपापले पाठ घालतात.

लिपीचे पाठभेद

अँड्रॉइडची पहिली आवृत्ती २००८ साली बाजारात आली. सुरुवातीच्या आवृत्त्यांत देवनागरीची धड सोय नव्हती. बहुतेक फोनांवर मराठी मजकुराच्या जागी रिकाम्या चौकटी दिसत, नाहीतर जोडाक्षरे फुटलेली आणि पहिली वेलांटी चुकीच्या बाजूला. २०११-१२च्या चौथ्या पिढीत देवनागरी नीट जुळू लागली, पण पुढे आली ती हिंदी. संपूर्ण फोन मराठीत वाचण्याची सोय मूळ प्रणालीत आली ती २०१४च्या पाचव्या आवृत्तीत, ‘लॉलीपॉप’मध्ये. ॲपलच्या फोनमध्ये मराठी कळपाट २०१४च्या सुमारास आला, पण फोनची भाषा म्हणून मराठी निवडता येण्यासाठी २०२५ उजाडावे लागले.

लिपी आली म्हणजे मराठी आली, असे मात्र झाले नाही. आमच्या गावाचेच नाव घ्या. ‘वरोरा’ लिहायला अडचण नाही. पण त्याला विभक्ती लावली की ‘वरोऱ्यात’ होते आणि तिथे चंद्रकोरीसारखा अर्धा र लागतो. हा र मराठीची खूण आहे. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला फरक त्याच्यावरच उभा आहे. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे लिहिता येतो. एकदा नुक्ता असलेल्या ‘ऱ’पासून, एकदा साध्या ‘र’ला न दिसणारे जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असतात. त्यामुळे एका पद्धतीने जतन केलेला ‘वरोऱ्याचा दवाखाना’ दुसऱ्या पद्धतीने शोधला तर सापडेलच असे नाही. नदीपलीकडच्या वणीचा माणूस ‘वऱ्हाड’ लिहितो तेव्हा त्याच्यापुढेही हाच प्रश्न असतो.

‘ॲ’ या अक्षराचा इतिहास तर कालनिर्णयाला उपयोगी पडावा असा आहे. युनिकोडने त्याला स्वतंत्र स्थान दिले ते २००८ साली. पण फाँट आणि कळपाट तिथवर पोचायला पुढची काही वर्षे गेली. तोवर ‘अ’वर चंद्र बसवून काम भागवले जाई, कधी मध्ये अदृश्य जोडचिन्ह घालून. फोनच्या मराठी याद्यांत ‘अॅप’, ‘अ‍ॅप’ आणि ‘ॲप’ असे तीन पाठ क्रमाने येतात. पहिल्या दोन पाठांत काही फोनांवर चंद्र अक्षर सोडून ठिपक्यांच्या वर्तुळावर जाऊन बसे. उद्या कोणी तारीख नसलेले मराठी वाक्य पुढे ठेवले, तर या एका अक्षरावरून त्याचा काळ साधारण सांगता येईल.

‘ल’ आणि ‘श’ यांचेही तसेच. महाराष्ट्र शासनाने २००९ आणि २०२२च्या निर्णयांत पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ मराठीसाठी मान्य केले. युनिकोडच्या दृष्टीने हिंदी ‘ल’ आणि मराठी ‘ल’ यांचा क्रमांक एकच आहे. कोणते रूप दाखवायचे ते फाँट आणि फोनची निवडलेली भाषा ठरवतात. म्हणजे लेखकाने लिहिलेला ‘ल’ वाचकाच्या फोनवर वेगळा उमटू शकतो.

एका बाबतीत मात्र प्रणालीने मराठीचे वेगळेपण नीट ओळखले. अंकांच्या बाबतीत. हिंदी निवडली तर आकडे सहसा 1, 2, 3 असे येतात, मराठी निवडली तर १, २, ३. भाषांच्या सामायिक माहितीकोशात मराठीसाठी देवनागरी अंक हीच मूळ निवड नोंदलेली आहे. ही नोंद बारीक आहे, पण तिच्यामुळे वरोऱ्यातल्या फोनवरचे घड्याळ साडेदहाला ‘१०:३०’ दाखवते.

शब्दांचे पाठभेद

माझ्या मते खरी समीक्षा इथून सुरू होते. पहिल्या मराठी आवृत्त्यांत पासवर्डला ‘संकेतशब्द’ होता, स्टोरेजला ‘संचयन’, डिस्प्लेला ‘प्रदर्शन’ आणि ॲक्सेसिबिलिटीला ‘प्रवेशयोग्यता’. पुढच्या आवृत्त्यांत हे चारही गेले आणि इंग्रजी शब्द देवनागरीत आले. संबोधनही बदलले. आधी फोन ‘आपले डिव्हाइस’ म्हणे, मग ‘तुमचे’ म्हणू लागला. ‘आपले’मध्ये आदर आणि आपलेपणा यांची सरमिसळ होते, फोन वापरणाऱ्याचा की दोघांचा, असा संभ्रम राहतो. ‘तुमचे’ने तो संपवला. हा बदल मला चांगला वाटतो.

चार शब्दांचा निकाल मात्र एका झटक्यात लावता येत नाही. ‘संचयन’ म्हटले की आपल्याकडे तिसऱ्या दिवशीचे अस्थिसंचयन आठवते. ‘प्रदर्शन’ म्हटले की कृषिप्रदर्शन. हे शब्द कोशात पाहून ठेवलेले होते, वापरणाऱ्याला विचारून नव्हे. ते गेल्याचे दुःख मानायचे कारण नाही. शिवकालात राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी कागद, शाई, दप्तर, तारीख मराठीत राहिलेच. भाषा संचालनालयाच्या पदनाम कोशातलेही काही शब्द रुजले, काही कपाटात राहिले. ‘पासवर्ड’ रुजला आहे, त्याला हुसकावण्यात अर्थ नाही.

तरी एक फरक ध्यानात घ्यावा. राज्यव्यवहारकोश रघुनाथ पंडितांच्या नावावर आहे. पदनाम कोशामागे शासनाची संस्था आहे. त्यांच्याशी भांडता आले आणि लोक भांडलेही. ‘संचयन’ कोणी घातला आणि कोणी काढला, हे कोणालाच विचारता येत नाही.

काही शब्द टिकले, तेही तपासण्यासारखे आहेत. कुलूपबंद पडद्यावर इमर्जन्सीसाठी ‘आणीबाणी’ असते. शब्दकोशाच्या दृष्टीने बरोबर. पण मराठी माणसाला आणीबाणी म्हणजे १९७५ ते ७७. दुकानात बसलो असताना शेगावकडच्या एका म्हाताऱ्या बाईंनी फोन पुढे करून ‘हे आनीबानी काहून लागली जी?’ असे विचारले होते. दुकानदार हसला. मला तो प्रश्न समीक्षेचा वाटला. जीव अडचणीत असताना जो शब्द दाबायचा, तो वाचून माणूस क्षणभर थबकत असेल, तर तो शब्द चुकला. तिथे ‘तातडीची मदत’ असते तर बाईंना विचारावे लागले नसते.

आनंदवनाच्या गावातून पाहता

‘प्रवेशयोग्यता’ या शब्दासाठी वरोरा ही चांगली कसोटी आहे. १९४९ साली बाबा आमट्यांनी महारोगी सेवा समिती स्थापली आणि गावाला लागून आनंदवन उभे राहिले. तिथे कुष्ठमुक्त झालेली माणसे राहतात, अंध आणि कर्णबधिर मुलांच्या शाळा आहेत. कुष्ठरोगाने ज्यांच्या बोटांची संवेदना गेली किंवा बोटे आखूड झाली, त्यांच्यासाठी काचेचा स्पर्शपडदा ही साधी गोष्ट नाही. २०१५च्या सहाव्या आवृत्तीत बोटाच्या ठशाची सोय प्रणालीचा भाग झाली. ठसाच झिजलेल्या माणसाला ती निरुपयोगी आहे, त्याच्यासाठी आकड्यांचा पिन उरतो.

पण याच प्रणालीत त्याच्या कामाच्या सोयीही आहेत. बोट किती वेळ टेकवल्यावर ‘दाबून धरले’ असे मानायचे, तो काळ वाढवता येतो. पडदा मोठा करून पाहता येतो. अंध व्यक्तीसाठी पडद्यावरचे वाचून दाखवणारी टॉकबॅक ही सोय तर २००९च्या १.६ आवृत्तीपासून आहे. २०१७ पासून गूगलच्या आवाजी टंकनात मराठीही आली, म्हणजे बोट न वापरता लिहिता येऊ लागले. या सोयींपैकी बऱ्याच ज्या दाराआड आहेत, त्या दारावर आधी ‘प्रवेशयोग्यता’ अशी पाटी होती आणि आता ‘ॲक्सेसिबिलिटी’ अशी आहे.

पहिला शब्द इंग्रजीची फोड करून बनवला. प्रवेश कशात आणि योग्य कोण, हे त्यातून कळत नाही. उलट प्रवेशपरीक्षेची आठवण येते. दुसरा शब्द इंग्रजी येणाऱ्यालाही अडखळवतो. ज्याला त्या दारातून जायचे आहे, त्याला दोन्ही पाट्या सारख्याच मुक्या. ‘पासवर्ड’च्या बाजूने जो युक्तिवाद मी वर केला, तो इथे लागू पडत नाही, कारण ‘ॲक्सेसिबिलिटी’ लोकांच्या तोंडी रुजलेला नाही. केंद्र सरकारच्या २०१५च्या ‘सुगम्य भारत’ अभियानाने ‘सुगम्य’ हा शब्द निदान सरकारी फलकांवर आणला. त्याहून साधे ‘पाहणे, ऐकणे, हाताळणे : मदत’ असेही लिहिता येते. जागा जास्त लागेल, पण अर्थ पोचेल.

यावरून मला एक निकष सुचतो. फोनच्या मराठीत शब्द देशी की परका हे दुय्यम आहे. त्या शब्दापाशी कोण अडते आणि अडल्याने त्याचे काय जाते, हे आधी पाहावे. पहिल्या आवृत्त्या कोशाकडे पाहून लिहिल्या गेल्या, नंतरच्या शहरी बोलण्याकडे पाहून. गरज असलेल्या माणसाकडे पाहून लिहिलेली आवृत्ती अजून यायची आहे.

ज्यांची आवृत्तीच निघाली नाही

२०१६च्या सातव्या आवृत्तीपासून फोनला एकापेक्षा अधिक भाषा पसंतीच्या क्रमाने सांगता येऊ लागल्या. २०२२च्या तेराव्या आवृत्तीत प्रत्येक ॲपची भाषा वेगळी ठेवण्याची सोय आली. एका माणसाची एकच भाषा, हे सुरुवातीचे गृहीतक प्रणालीने हळूहळू सोडले. चंद्रपूर-गडचिरोलीत ते कधीच खरे नव्हते. इथे मराठी आहे, झाडीबोली आहे, खाणींच्या वस्त्यांत हिंदी आणि तेलुगू आहे, गडचिरोलीच्या वसाहतींत बंगाली आहे, आणि या सगळ्यांआधीची गोंडी आहे.

भाषांच्या त्या लांबलचक यादीत गोंडी नाही. २०११च्या जनगणनेत गोंडी भाषकांची संख्या २९ लाखांहून अधिक आहे, संस्कृत मातृभाषा सांगणाऱ्यांची २४,८२१. भारतात विकल्या जाणाऱ्या फोनवर कोणत्या भाषा वाचता आल्या पाहिजेत, याचे मानक २०१६ साली ठरले तेव्हा आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषा घेतल्या गेल्या. गोंडी अनुसूचीत नाही, म्हणून मानकात नाही. लिपी नसल्याची सबबही आता चालत नाही. मसराम गोंडी लिपी २०१७ मध्ये आणि आदिलाबादच्या गुंजाळा गावातल्या हस्तलिखितांवरून नाव मिळालेली गुंजाळा गोंडी लिपी २०१८ मध्ये युनिकोडमध्ये दाखल झाली. २०२५ मध्ये केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाने ‘आदि वाणी’ या भाषांतराच्या साधनात गोंडीला जागा दिली. पण ते फोनवर वेगळे घालायचे साधन आहे. फोन सुरू करताना ‘तुमची भाषा कोणती’ या पहिल्या प्रश्नालाच गोंडी माणसाला दुसऱ्याची भाषा सांगावी लागते.

मराठीला २०२४ साली अभिजात दर्जा मिळाला, त्यामुळे प्राचीन ग्रंथांच्या संपादनाची चर्चा पुन्हा सुरू झाली आहे. ती व्हायलाच हवी. त्याच पाठचिकित्सेच्या शिस्तीने फोनच्या मराठीचे काम गोंडवाना विद्यापीठाच्या परिक्षेत्रातल्या एखाद्या विद्यार्थ्याने हाती घ्यावे. पाचव्या आवृत्तीपासून आजवरच्या वाक्यांच्या याद्या ताडाव्यात, उत्पादकांच्या शाखा वेगळ्या काढाव्यात, शंभर शब्द निवडून ते आनंदवनात, खाणीच्या वस्तीत आणि भामरागडच्या बाजारात वाचायला द्यावेत. कोण कुठे थांबले, त्याची नोंद करावी. सुरुवात ‘आणीबाणी’पासून केली तरी चालेल.