पुलाखाली रेडिओ गप्प का होतो? एका अर्ध्या उत्तराची तपासणी

मोटारीतल्या रेडिओवर मध्यम लहरींचे, म्हणजे मीडियम वेव्हचे केंद्र लावलेले असते. गाडी पुलाखाली शिरली की आवाज क्षीण होतो, खरखर वाढते. बाहेर पडताच सारे पूर्ववत. असे का, या प्रश्नाला वर्गात ठरलेले उत्तर मिळते : 'लोखंड लहरी अडवते.' हे उत्तर चूक नाही, पण अर्धे आहे. आणि आपणच शिकवलेल्या दुसऱ्या एका नियमाशी त्याचे जुळत नाही.

तो नियम विवर्तनाचा. तरंगलांबी मोठी असेल तर लहर अडथळ्याला सहज वळसा घालते. आकाशवाणीच्या परभणी केंद्राला दिलेली वारंवारता १३०५ किलोहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी सुमारे २३० मीटर. एवढ्या लांब लहरीला अजिंठ्याच्या रांगेसारखे डोंगरही फारसे नडत नाहीत. एफ.एम.ची लहर जेमतेम ३ मीटरची. तिला डोंगराची आड लागते. मग चौकस विद्यार्थी विचारणारच : डोंगराला वळसा घालणारी लहर पुलाखाली का शिरत नाही? आणि तिथे एफ.एम. बहुधा चालू कसे राहते? लोखंड तर दोघींनाही सारखेच!

उत्तर लोखंडात नसून मोकळ्या जागेच्या मापात आहे. जालना आणि बदनापूर तालुक्यांतून समृद्धी महामार्ग जातो. २०२२ मध्ये त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला. या मार्गाखालून गावरस्ते नेणारे काँक्रीटचे बोगदे आठवा. काँक्रीटच्या पोटात सळयांची जाळी असते. जालन्याच्या पोलाद कारखान्यांमुळे सळई आपल्याला नवी नाही. जाळीतील अंतर काही सेंटिमीटर, लहर २३० मीटर. तेव्हा या लहरीच्या दृष्टीने जाळी म्हणजे जवळपास सलग पत्राच.

धातूने वेढलेल्या अशा पोकळीतून लहर पुढे जायची, तर पोकळीची रुंदी निदान अर्ध्या तरंगलांबीएवढी लागते. परभणीच्या लहरीसाठी ही रुंदी होते ११५ मीटर. समजा, बोगदा १० मीटर रुंद आहे. भिंती पूर्ण धातूच्या मानल्या, तर आत दर १० मीटरला लहरीची तीव्रता मोजणारे विद्युतक्षेत्र सुमारे २३ पटींनी घटते. एफ.एम.ला मात्र दीड मीटर पुरते. ती सहज आत येते. थोडक्यात, जी लांबी डोंगरापाशी उपयोगी पडली, तीच बोगद्याच्या तोंडाशी आड आली. अडथळ्याला वळसा घालणे आणि भोकातून आत जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपण सांगत नाही.

दुसरा घोटाळा विजेच्या तारांबाबत होतो. तारांजवळ रेडिओ बिघडला की तेही 'लहरी अडल्या' यातच जमा होते. वास्तविक सदोष इन्सुलेटरवर बारीक ठिणग्या उडत असतील, तर त्या स्वतःच मध्यम लहरींच्या पट्ट्यात गोंगाट सोडतात. पुलाखाली संदेश कमी होतो. तारांजवळ बहुधा गोंगाट वाढतो. ऐकणाऱ्याला दोन्हीकडे खरखरच ऐकू येते, कारण संदेश क्षीण झाला की रेडिओ आपले वर्धन आपोआप वाढवतो आणि त्याबरोबर गोंगाटही मोठा होतो. परिणाम सारखा दिसला म्हणून कारण एकच मानायचे नाही, हा धडा इथे फुकट मिळतो.

प्रयोगाला खर्च नाही. सुमारे ३० सेंटिमीटर तोंडाचा, खोल, पत्र्याचा धान्याचा डबा घ्या. मीडियम वेव्हवर केंद्र लावलेला छोटा ट्रान्झिस्टर दोरीने डब्यात हळूहळू सोडा. झाकण उघडे असूनही खाली जाताना आवाज घटत जाईल. आता मोबाइल तसाच सोडा आणि दुसऱ्या फोनवरून त्याला रिंग द्या. तो बहुधा वाजेल; त्याच्या लहरी डब्याच्या तोंडापेक्षा फार मोठ्या नसतात. डबा तोच, पत्रा तोच. बदलली ती केवळ तरंगलांबी.

'लोखंड अडवते' हे वाक्य पुस्तकातून काढून टाकायची गरज नाही. त्यापुढे 'केवढ्या भोकातून, केवढी लहर?' हा प्रश्न जोडला, की पाठ केलेल्या उत्तराचे भौतिकशास्त्र होते.