ग्रंथस्वामित्वाची मुदत

साने गुरुजी ११ जून १९५० रोजीं निवर्तले. ‘श्यामची आई’वरील स्वामित्वहक्क संपावयास मात्र २०१० अखेर उजाडली. १९५७ च्या कायद्यांत ही मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षांची होती. रवींद्रनाथांचे ग्रंथ १९९१ अखेर मुक्त होणार असें दिसतांच १९९२ च्या दुरुस्तीनें ती ६० झाली. एका थोर कवीसाठीं झालेली ही वाढ सर्वांनाच लागू झाली, हा तिचा दोष होय.

हक्क संपल्यावर ‘श्यामची आई’ अनेकांनीं छापली. तिचें कांहींएक बिघडलें नाहीं. पनवेलजवळील बेलपाड्यांतल्या वाचकासहि ती आज मराठी विकिस्रोतावर विनामूल्य मिळते. हाल होतात ते विस्मृत ग्रंथांचे. वारस सांपडत नाहीं, प्रकाशक उरलेला नसतो, परवानगीवांचून पुनर्मुद्रण होत नाहीं; तोंवर कागदाचा भुगा होतो.

हयात लेखकाचें पुस्तक परस्पर वांटणें ही चोरीच. तिचें समर्थन आम्ही करीत नाहीं. बर्न येथील आंतरराष्ट्रीय करारामुळें ५० वर्षें तर पाळलींच पाहिजेत. पण पुढचीं १० वर्षें, रीतसर नोंद करून हक्क सांगणाऱ्या वारसासच मिळावींत. ज्या ग्रंथावर कोणी हक्कच सांगत नाहीं, तो वाचकांच्या हवालीं करण्यांत कोणाची हानि आहे?