क्लॅरिनेट: नारायणगावात आणि नरिमन पॉइंटवर

चैत्र जवळ आला की नारायणगावात तमाशाच्या राहुट्या उभ्या राहतात आणि गावोगावचे पुढारी यात्रेची सुपारी द्यायला येतात. बोलणी होतात ती तारखांची, पैशांची आणि वगाची. क्लॅरिनेट कोण वाजवतो, हे विचारणारा विरळाच. तरी त्याचा सूर सगळ्यांच्या कानात असतो. नाणेघाटाजवळचं घाटघर घ्या नाहीतर खालचं ओतूर, लग्नाच्या बँडने हे वाद्य तालुकाभर पोहोचवलं आहे. गावच्या तोंडी ते ‘क्लॅरोनेट’.

पाश्चात्त्य अभिजात संगीतात व्हायोला, बॅसून, डबल बेस यांच्याबरोबर क्लॅरिनेटलाही एकल वादनाची संधी कमीच मिळते. मराठी श्रोत्याची अडचण मात्र जरा वेगळी आहे. हे वाद्य त्याने शेकडो वेळा ऐकलं आहे, पण कुणाच्या तरी मागे.

त्याने मोत्झार्टचा क्लॅरिनेट कॉन्चेर्टो जरूर ऐकावा. 1791 च्या शरदात, मृत्यूच्या जेमतेम दोन महिने आधी, मोत्झार्टने तो आपला वादक मित्र आंटोन श्टाडलरसाठी पूर्ण केला. तमाशाच्या फडात ढोलकी आणि हलगीच्या वर उठायचं म्हणून क्लॅरिनेट तारसप्तकात, जोर लावून फुंकावं लागतं. मोत्झार्ट त्याला वारंवार खर्जात उतरवतो, आणि तिथे या वाद्याचा आवाज काळसर, जवळजवळ माणसाच्या छातीतून आल्यासारखा होतो. श्टाडलरचं खास वाद्य नेहमीच्या क्लॅरिनेटपेक्षाही खाली जायचं. मूळ हस्तलिखित हरवलं आणि ते खालचे सूर दीर्घकाळ वरच्या सप्तकात वाजत राहिले. आता तसं लांब वाद्य पुन्हा बनवून केलेली ध्वनिमुद्रणं मिळतात. सुरुवात तिथूनच करावी, आणि तीही मधल्या संथ भागापासून.

उलट गर्श्विनची ‘ऱ्हॅप्सडी इन ब्लू’ (1924) सुरू होते ती क्लॅरिनेटच्या वर चढत जाणाऱ्या लांबलचक घसिटीने. तालमीत रॉस गॉर्मन या वादकाने ती गमतीने घेतली आणि गर्श्विनने तशीच ठेवली. न्यूयॉर्कला तिचं केवढं अप्रूप! भोकांवरून बोट हळूहळू सरकवत सूर ओढणं आपल्या बँडवाल्याला नवं नाही.

मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात 2006 साली खुश्रू सनटूक आणि कझाक व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह यांनी सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा केला. काम मोठंच. पण एकलवादकाची जागा बहुतेक वेळा पियानो किंवा व्हायोलिनकडेच जाते. घरोघरची मुलंही पियानो, गिटार, व्हायोलिन शिकतात. बॅसून शिकवायला गुरू कुठून आणायचा? त्याची दुपाती रीड कुठे मिळायची? मग फुंकवाद्यांच्या बऱ्याच खुर्च्या परदेशी वादकांनी भरतात. तिकिटं खपत नाहीत ही सबब खरी असेलही, पण ऐकवलंच नाही तर मागणी यायची कुठून?

याच मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता व्हिएन्नात डबल बेस शिकले. 1969 मध्ये लंडनला जॅकलिन द्यु प्रे, बारेनबॉइम, पर्लमन आणि झुकरमन यांच्यासोबत त्यांनी शूबर्टचं ‘ट्राउट’ पंचक वाजवलं. त्याचा चित्रपट उपलब्ध आहे. त्यात खालची जबाबदारी डबल बेस उचलतो, म्हणून चेलो मोकळेपणी गातो. हा बेस एकदा कानाला लागला की बोतेसिनीच्या कॉन्चेर्टोकडे वळावं. बोतेसिनी स्वतः डबल बेसचा अचाट वादक, आणि 1871 मध्ये कैरोत ‘आयदा’ या ऑपेराचा पहिला प्रयोग त्यानेच संचालित केला. त्याच्या रचनांत कसरत जरा जास्तच आहे, हेही खरं. व्हॉन विल्यम्सच्या ट्यूबा कॉन्चेर्टोला (1954) लोक हसायच्या तयारीने बसतात आणि मधल्या भागात गप्प होतात.

वाद्य नेहमीचं नसेल तर श्रोते येत नाहीत, हा समज एनसीपीएतच एकदा खोटा ठरला. सप्टेंबर 2015 मध्ये झाकिर हुसेन यांनी याच ऑर्केस्ट्रासोबत ‘पेश्कार’ हा आपला तबला कॉन्चेर्टो प्रथम वाजवला आणि पुढे तो युरोपातही गेला. झाकिरभाईंचं नाव मोठं होतं, हे मान्य. तरीही पाश्चात्त्य वाद्यवृंदापुढे तबला कधी मधोमध बसेल, असं त्याआधी किती जणांना वाटलं होतं? त्या जागी अजून नारायणगावच्या फडातलं क्लॅरिनेट आलेलं नाही.